दार सरळच होते

आमच्या गाडीचे डावे दार लावण्याची एक रीत होती. दाराच्या काचेच्या कडेवर डावे कोपर टेकायचे, अंगाचा भार देऊन दार खाली दाबायचे आणि ते खाली आहे तोवरच उजव्या हाताने आत ओढायचे. नेम चुकला की दार ठण्‌कन वाजून पुन्हा उघडायचे. घरातल्या सगळ्यांच्या ही रीत अंगवळणी पडली होती. नऊवारीतली आईसुद्धा सराईतपणे कोपर टेकून दार लावायची. पाहुणा बसला की मात्र आमच्यापैकी कुणीतरी खाली उतरून, "थांबा, तुम्हांला जमायचं नाही ते," म्हणत बाहेरून दाबून द्यायचे. माझा मुलगा लहानपणी म्हणायचा, "आपल्या दाराला आधी वाकायला लावायचं, मग ते आत येतंय."

एकोणीस वर्षे आम्ही ते दार असे लावले. आणि एकोणीस वर्षे, दार वाजले की, तोंडाने काही न बोलता मनातल्या मनात एका माणसाला दोष दिला. तो माणूस म्हणजे माझा थोरला भाऊ.

ही पिकअप आप्पांनी १९९४ साली घेतली. खानापूर तालुक्यातली आमची जमीन म्हणजे लाल मातीचे दोन तुकडे. एकात रताळी, दुसऱ्यात मिरची आणि पावसाळ्यात भात. तेवढ्यावर सहा माणसांचे घर भागत नव्हते. आपल्या भागातली भाजी गोव्याला जाते आणि मधला पैसा गाडीवाला खातो, हे आप्पांनी वीस वर्षे पाहिले होते. शेवटी आईच्या पाटल्या आणि सोसायटीचे कर्ज मिळून गाडी दारात आली. आप्पांना स्टेअरिंग धरता येत नव्हते. दादाने लायसन्स काढले आणि तो चालवू लागला. रात्री दीड-दोनला कोबी, मिरची, रताळी भरून निघायचे. खानापूर, लोंढा, रामनगर मागे टाकून अनमोडचा घाट उतरायचा, मोल्याला चहा प्यायचा आणि फोंड्याला उजाडायचे. पुढे मडगावच्या बाजारात माल उतरवून दुपारी परत. तेव्हा चोर्ल्याच्या वाटेने आमची गाडी जात नसे. अनमोड हाच आमचा गोवा.

दादा गाडी फार जपून चालवायचा. उतारावर गिअर सोडायचा नाही, ब्रेकवर पाय ठेवून बसायचा नाही. खंडेनवमीला पहाटे उठून तो एकटा गाडी धुवायचा. चासीखाली पोते अंथरून आडवा व्हायचा आणि पाटे, खालचे लोखंड, सगळे पाण्याने मारायचा. आप्पांचे त्याला आणि मला एकच सांगणे असे : "वरनं काय धुतासा? वरनं जग बघतंय म्हणून? खालनं पाणी मारा."

मी कॉलेज संपवून १९९७ साली घरी आलो तेव्हा दादाबरोबर फेऱ्या मारू लागलो. पुढच्या वर्षी मलाही लायसन्स मिळाले आणि आम्ही फेऱ्या वाटून घेतल्या. मला एक गोष्ट खुपत होती. जाताना गाडी भरलेली, येताना रिकामी. डिझेल मात्र तेवढेच. मी मडगावच्या घाऊक मासळी बाजारात ओळख काढली आणि परतीच्या फेरीला बर्फातल्या मासळीची क्रेट्स बेळगावला आणू लागलो. आप्पांना ते रुचले नाही. आम्ही माळकरी नव्हे, पण "भाजीच्या गाडीला वास लागला तर गिऱ्हाईक तोंड फिरवेल," असे त्यांचे म्हणणे. मी फिनेल टाकून हौदा धूत असे. वास जात असे. पैसा येत असे. बहिणीच्या लग्नात त्या पैशाने मोठा हात दिला, हे मी त्या काळात पुष्कळांना सांगितले आहे.

जुलै २००३ मध्ये अनमोडच्या घाटात, धुक्यात, समोरून एक ट्रक वळणावर अंगावर आला. दादाने गाडी डावीकडे घेतली. डावे पुढचे चाक गटारात गेले आणि मडगार्ड दरडीला घासले. मिरचीची चार पोती ओली झाली. बाकी कुणाला काही लागले नाही. दुसऱ्या एका ट्रकवाल्याने साखळी लावून गाडी वर ओढून दिली आणि दादा तीच गाडी चालवत मडगावला जाऊन माल उतरवून घरी आला. मडगार्ड ठोकून घेतले, रंग मारला. आठशे रुपये खर्च. विषय तिथे संपायला हवा होता.

तो संपला नाही, कारण त्याच दिवाळीच्या सुमारास डावे दार लागेनासे झाले. आधी जोराने ओढावे लागे, मग दाबावे लागू लागले. गावातल्या वेल्डरकडे नेले. त्याने लॉकची खुंटी ढिली करून सरकवली. चार महिने बरे गेले. मग पुन्हा तेच. एक दिवस आप्पा गाडीच्या मागे उभे राहून बराच वेळ पाहत होते. केबिन आणि हौदा यांच्यामधली फट उजवीकडे वर-खाली सारखी होती. डावीकडे मात्र खाली बोटभर आणि वर जेमतेम पोस्टकार्ड जाईल एवढी. केबिन डाव्या बाजूने मागे झुकले होते. आप्पांनी दादाला हाक मारली आणि आईच्या, वहिनीच्या, शेजारच्यांच्या देखत म्हणाले, "गटारात घालून चासी वाकवलास. आईच्या पाटल्यांची गाडी वाकडी करून ठेवलास."

दादा एवढेच म्हणाला, "आप्पा, गाडी ओढत न्हाई. स्टेअरिंग सोडलं तरी सरळ जातीया. चासी वाकली असती तर ओढली असती."

"तू मला शिकवू नको. चालवणारा तू होतास."

मी तिथेच होतो. मला वाटले, दादाने चूक कबूल करावी, म्हणजे आप्पा शांत होतील. मी तसे बोललोही. दादाने माझ्याकडे पाहिले आणि गाडीची किल्ली आईच्या हातात दिली. नंतर त्याने त्या गाडीच्या स्टेअरिंगला हात लावला नाही. २००४ साली त्याने उद्यमबागेत एका कारखान्यात लेथवर काम धरले आणि वहिनीला, मुलांना घेऊन तिकडेच खोली केली. सणावारी येणे-जाणे होते. बोलणे होते. पण गाडीत बसायची वेळ आली की तो "मी बसनं येतो" म्हणायचा. आप्पा २०११ साली गेले. दादाने सगळे विधी रीतसर केले. दहाव्याला नदीवर जाताना सगळे पिकअपच्या हौद्यात बसले, दादा सायकलने आला.

मासळीची फेरी मी २००७ सालीच बंद केली होती. पुढे भाजीचीही मोठी वाहतूक मोठ्या गाड्यांकडे गेली. पिकअप गावातल्या गावात, खत आणायला, लग्नाचे सामान न्यायला उरली. जुन्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस करून घ्यावे लागते. २०२२ साली पासिंगची वेळ आली तेव्हा तपासणाऱ्या साहेबांनी डावे दार एकदा ओढले, दोनदा ओढले आणि म्हणाले, "हे असं चालणार नाही. चालत्या गाडीत उघडलं तर?" त्यांचे बरोबरच होते. मुलगा म्हणाला, भंगारात देऊन टाकू. भंगारवाल्याने भावही सांगितला. आईने जेवताना विचारले, "पाटल्यांचं भंगार किती आलं?" आणि मग कुणीच काही बोलले नाही.

उद्यमबागेच्या पलीकडे पत्र्याच्या शेडमध्ये एक मेस्त्री टिंकरिंगचे काम करतात, असे कळले. बैलहोंगलकडचे, साठीच्या घरातले. तरुणपणी दावणगेरीला बॉडी बांधणाऱ्यांकडे शिकलेले. मराठी बोलतात ती आपल्या बेळगावची, अर्ध्या वाक्यात कानडी येते आणि कुणाला कळतही नाही. मी गाडी नेली, उतरलो आणि नेहमीप्रमाणे बाहेरून दार दाबून लावले. मेस्त्री बिडी पेटवत होते. त्यांनी काडी विझवली.

"मालक, पुन्हा लावून दाखवा."

मी पुन्हा लावले.

"दाबून लावलासा. जुन्या गाडीचं दार उचलून लावतात की ओ. बिजागरी झिजली, पिन झिजली, तर दार खाली लोंबतं. मग उचलावं लागतं. तुमचं दार दाबावं का लागतंय?"

एकोणीस वर्षे मी ते दार दाबत होतो. हा प्रश्न मला पडला नव्हता. गावातल्या वेल्डरलाही पडला नव्हता.

मेस्त्रींनी हातोडा घेतला नाही. आधी गाडी शेडमधल्या सिमेंटच्या सपाट जागेवर घ्यायला लावली. चारही चाकांची हवा सारखी केली. जमिनीपासून चासीपर्यंतचे अंतर चारही कोपऱ्यांत मोजले. "पाटा एका बाजूला बसला असंल तर पुढची सगळी मापं खोटी," म्हणाले. डावी-उजवीत दोन सुतांचा फरक आला. एवढ्या जुन्या पाट्यांना तो काहीच नव्हे. मग दार अर्धे उघडून, कडेला धरून वर-खाली हलवून पाहिले. बिजागरीत खुळखुळ जवळजवळ नव्हती. मग दार हलकेच टेकवून त्यांनी सगळीकडच्या फटी बोटाने आणि वायसरने तपासल्या. मागच्या बाजूला, वर छताजवळ, दार टेकलेले होते. मागच्या बाजूला खाली, उंबऱ्यापाशी, अर्ध्या इंचाहून जास्त फट. दारावरची पत्र्याची रेघ केबिनच्या रेघेपेक्षा तीन सूत वर.

"दार लोंबलेलं असतं तर हे सगळं उलटं दिसलं असतं," मेस्त्री म्हणाले आणि कानडीत पुटपुटले, "बागला सरी ऐती, मनी सोट्ट आगेती." दार बरोबर आहे, घरच वाकडे झाले आहे.

मी म्हणालो, "होय, चासीच वाकलीय. २००३ साली गटारात गेली होती." हे वाक्य मी इतक्या सहजपणे बोललो की आज आठवले तरी लाज वाटते.

मेस्त्रींनी मान हलवली नाही, नाही म्हटले नाही. "बघू की," म्हणाले. त्यांनी ओळंबा काढला. चासीच्या दोन्ही बाजूंना कारखान्यातूनच समोरासमोर भोके पाडलेली असतात. एकेका भोकातून ओळंबा सोडून खाली सिमेंटवर खडूने खूण करीत ते पुढून मागे गेले. डावीकडे चार खुणा, उजवीकडे चार. मग गाडी ढकलून बाजूला काढली. जमिनीवर आमच्या चासीचा खडूचा नकाशा उरला. एका खुणेपासून समोरच्या तिरक्या खुणेपर्यंत टेप धरायला त्यांनी मला बसवले. डावीकडून उजवीकडे एक कर्ण, उजवीकडून डावीकडे दुसरा. "चासी सरळ असंल तर दोन्ही सारखे. पुढनं मार बसून डावी बाजू मागं सरकली असंल तर एक लांबतो, एक आखडतो. लोखंडाला लपवता येत नाही."

मागच्या चौकोनाचे कर्ण सारखे आले. मधल्याचे सारखे. पुढच्यात, जिथे मार बसला होता तिथे, एका सुताचा फरक.

"ओंदु नूल," मेस्त्री म्हणाले. दावणगेरीच्या उस्तादाने शिकवलेले माप. नूल म्हणजे कानडीत सूत, दोरा. आपल्या सुताराचे सूत आणि त्यांचे नूल, दोन्ही इंचाचा आठवा भाग, तीन मिलिमीटरांहून किंचित जास्त. "एवढं तर नव्या गाडीतबी असतं. चासी सरळ हाय की ओ. कोण म्हणालं वाकली?"

मी उकिडवा बसलो होतो, टेपचे टोक हातात होते. मला उठता येईना. गाडी ओढत न्हाई, असे दादा म्हणाला होता. गेली एकोणीस वर्षे मी ती गाडी चालवत होतो. ती ओढत नव्हती हे माझ्या हातांना रोज कळत होते. पुढचे डावे टायर कधी एका कडेने झिजले नव्हते. ऐकायचे नसले की हातांचेही ऐकू येत नाही.

"मग केबिन मागं का झुकलंय?" मी विचारले.

केबिन चासीला वेल्डिंगने जोडलेले नसते. चासीच्या कडेला बाहेर आलेल्या ब्रॅकेटवर जाड रबरे असतात, त्यांवर केबिन टेकवून बोल्टने आवळलेले असते. आमच्या केबिनला अशी चार ठिकाणे. मेस्त्रींनी गाडी जॅकवर घेतली, खाली शिरले आणि मागच्या डाव्या रबरापाशी स्क्रू-ड्रायव्हरने खरवडू लागले. चिखलाचे मोठे ढेकूळ निघाले. त्याखाली कुणीतरी कधीतरी मारलेला पत्र्याचा ठिगळ. ठिगळ काढला आणि खालचा ब्रॅकेट दिसला. दिसला म्हणजे त्याचे पापड झालेले पदर दिसले. बोटाने दाबले की चुरा पडत होता. रबर चपटे होऊन एका बाजूला निसटले होते. बोल्ट मधोमध सुईसारखा बारीक. केबिनचा मागचा डावा कोपरा पाऊण इंच खाली बसला होता. कोपरा बसला, त्याबरोबर दाराची मागची चौकट आणि उंबरा बसला. दार मात्र पुढच्या बिजागरीवर, आपल्या जागी, सरळ उभे होते. आम्ही त्याला दाबून दाबून बसलेल्या घराच्या मापात आणत होतो.

"पण हे गटारात गेल्यामुळं झालं नसेल कशावरून?" मी शेवटचा प्रयत्न केला.

"माराने लोखंड मुडपतं, फाटतं. हे मुडपलेलं नाही. हे वरनं खाल्लेलं हाय. धक्क्यानं शेवटचा तुकडा सुटला असंल, नाही म्हणत नाही. पण कुजलेलं आधीचंच." त्यांनी टॉर्च वर मारला. हौद्याचा पुढचा डावा कोपरा बरोबर त्या ब्रॅकेटच्या वर येत होता. त्या कोपऱ्याच्या सांध्याला एक फट होती आणि फटीतून खाली तांबड्या ओघळाची रेघ. उजव्या कोपऱ्याला असे काही नव्हते. "वरनं काय सांडत होतं, मालक? युरिया? मीठ?"

आमच्या अंगणाला डावीकडे उतार आहे आणि गाडी नेहमी तोंड खाली करून लावलेली असते. मासळीची फेरी संपवून मी रात्री घरी यायचो तेव्हा क्रेट्स बेळगावला उतरवलेली असत, पण वितळलेल्या बर्फाचे खारे पाणी हौद्याच्या तळात खेळत असे. रात्रभर ते पुढच्या डाव्या कोपऱ्याकडे जमत असणार. सकाळी मी फिनेल टाकून हौदा धूत असे. वरून. आणि ते धुतलेले पाणीही त्याच कोपऱ्यातून खाली जात असणार. नऊ वर्षे. पोते अंथरून चासीखाली आडवा होणारा दादा फक्त खंडेनवमीला धुवायचा. इतर दिवशीची गाडी, मासळी आणल्याच्या दुसऱ्या दिवशीची गाडी, धुवायचे काम माझे होते.

मेस्त्रींना मी सांगितले, "मीठ. मासळीचं."

"हं," म्हणाले आणि बोल्टांवर डिझेल सोडून ठेवून दुसऱ्या दिवशी यायला सांगितले.

पुढचे चार दिवस मी रोज शेडमध्ये जात होतो. घरी काही बोललो नाही. बॅटरीच्या तारा काढल्या, डिझेलची टाकी उतरवून लांब ठेवली, कारण वेल्डिंग त्याच्या जवळच होते. चारही बोल्ट सोडले. स्टेअरिंगचा जोड, गिअरचे रबरी आवरण, वायरी, जे जे ताणले जाईल ते आधी मोकळे केले. उंबऱ्याखाली लाकडी फळी देऊन जॅक लावला आणि केबिन वर घेऊ लागले. एका वेळी एक सूत. मध्ये थांबायचे, चारी बाजूंना फिरून बघायचे, कुठे काही अडले नाही ना ते पाहायचे. मला घाई होती. मेस्त्री म्हणाले, "निधान. एकोणीस वर्षं खाली बसलंय. एका दमात उठवलं तर काच फुटंल."

कुजलेला ब्रॅकेट कापून जाड प्लेटचा नवा करून लावला. रबरे मात्र एकच बदलली नाहीत, चारही बदलली. एकच नवे घातले तर जुन्या दबलेल्या तिघांच्यात ते एकटे उंच राहते आणि केबिन दुसऱ्या बाजूला कलते, असे त्यांनी समजावले. उरलेला सूत-अर्धा सुताचा फरक पत्र्याच्या चकत्या घालून भरला. केबिन आणि हौदा यांच्यामधली फट दोन्हीकडे वर-खाली सारखी झाली. आप्पा जिथे उभे होते तिथे, गाडीच्या मागे, मी उभा राहून ती पाहिली.

मला वाटले काम संपले. मेस्त्रींनी दार टेकवले आणि हसले. दार आता मागच्या बाजूने खाली लोंबत होते.

"आता दार वाकडं हाय," म्हणाले.

हे कसे, ते मला समजायला थोडा वेळ लागला. घर बसले तेव्हा दार सरळ होते. आम्ही ते बसलेल्या घराला जुळावे म्हणून एकदा खुंटी सरकवली, मग बिजागरी खाली ओढली, मग लाकडाचा ठोकळा घालून दाराची मागची कड ठोकून खाली आणली आणि वर रोज कोपराने दाबत राहिलो. घर जागेवर आले तेव्हा दाराला लावलेला सगळा बाक उघडा पडला. आधी सरळ असलेले दार आम्हीच वाकडे केले होते. मेस्त्रींचे दीड दिवस गेले ते खरी मोडतोड दुरुस्त करण्यात नव्हे, आमच्या दुरुस्त्या उलट्या काढण्यात.

त्यांची पद्धत सांगण्यासारखी आहे. आधी लॉकची खुंटी काढूनच टाकली. खुंटी असली की ती दाराला धरून ओढते आणि दार बसल्यासारखे दिसते, सोडले की पुन्हा आपल्या खोडीवर जाते. खुंटीशिवाय, नुसत्या बिजागरीवर, दार चौकटीत बसले पाहिजे. बिजागरीच्या जुन्या जागेच्या खुणा रंगाखाली सापडल्या, तिथे ती परत नेली. दार आधी मागच्या चौकटीशी जुळवले, त्यानंतर पुढचे मडगार्ड दाराशी. उलटे केले तर सगळी चूक मागे ढकलली जाते. चारी बाजूंना दोन-दोन सुतांची फट. सर्वांत शेवटी खुंटी, दार जिथे आपणहून येते तिथे. मागचा खालचा एक कोपरा मात्र पुरता जागेवर आला नाही. तिथे पत्रा इतका ठोकला गेला होता की आणखी ताणला तर फाटला असता. "एवढं राहणार," मेस्त्री म्हणाले, "पुट्टीनं झाकू?" मी नको म्हणालो.

दार दोन बोटांनी लागले. आवाज झाला तो घरातल्या कपाटाचा व्हावा तसा.

दहा-बारा दिवसांनी खंडेनवमी आली. मी पहाटे उठलो, पोते अंथरले आणि चासीखाली आडवा होऊन गाडी खालून धुतली. झेंडूची माळ, कोहळा, नारळ, सगळे हौद्यात ठेवले, आईला डाव्या बाजूला बसवले आणि उद्यमबागेकडे निघालो. आईने सवयीने कोपर टेकून दार दाबले. ते खाली गेलेच नाही. तिने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "नुसतं ओढ." खानापूर ते बेळगाव मी तिला सगळे सांगितले. तिने मध्ये एकदाच विचारले, "म्हणजे ह्यांना कळलंच नाही?" आणि पदराने डोळे पुसले. ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. मेस्त्रींकडेही नसते.

दादा दारातच होता. निवृत्त झाल्यापासून तो सकाळी दारात वर्तमानपत्र वाचत बसतो. गाडी पाहून उठला नाही. मी उतरलो आणि उभ्या उभ्याच सांगून टाकले. ओळंबा, कर्ण, एक सूत, ब्रॅकेट, मासळीचे पाणी, फिनेल. वाटेत पाठ केलेली वाक्ये एकही आठवली नाहीत. "चूक माझी होती," हे मी दोनदा म्हणालो असेन. वहिनी दाराच्या आत उभी होती. ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

दादाने विचारले, "ब्रॅकेट कुठला? डावा मागचा?"

"होय."

"किती जाडीची प्लेट लावली?"

मी सांगितले. लेथवर आयुष्य गेलेल्या माणसाने मान हलवली. मग तो चष्मा खिशात ठेवून उठला, गाडीला एक फेरी मारली, हौद्याच्या पुढच्या कोपऱ्यातून हात घालून खालचा नवा ब्रॅकेट चाचपला. डावे दार उघडले, दोन बोटांनी लावले. पुन्हा उघडले, पुन्हा लावले. खालच्या राहिलेल्या कोपऱ्यावर त्याचा अंगठा थोडा वेळ थांबला.

"मी म्हणालो होतो," तो म्हणाला. "ओढत नव्हती."

"म्हणाला होतास."

मला वाटले होते तो रागावेल, किंवा माझ्या खांद्यावर हात ठेवील. दोन्ही झाले नाही. त्याने हात पुढे केला. मला आधी कळले नाही. मग मी किल्ली दिली. आई डाव्या बाजूला बसलेलीच होती. दादा स्टेअरिंगवर बसला, सीट थोडी पुढे घेतली आणि गाडी गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन वळवून परत आणली. सरळ रस्त्यावर त्याने क्षणभर दोन्ही हात स्टेअरिंगवरून उचललेले मला लांबून दिसले.

पूजा त्यानेच केली. कोहळा त्याने फोडला. चहा होईपर्यंत गाडीविषयी कुणी बोलले नाही. आम्ही निघालो तेव्हा तो फाटकापर्यंत आला, किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाला, "हौद्याची फट बंद करून घे आधी. आणि खालनं पाणी मारत जा. वरनं काय धुतोस?"